देवका बसली आहे तोवर

५ नोव्हेंबर

सौ. देवकास,

पत्राच्या सुरुवातीला नवऱ्याने बायकोला आशीर्वाद लिहायची रीत आहे. गावातल्या लोकांची पत्रं मी लिहून द्यायचो तेव्हा तो न चुकता घालायचो. पण तुला आशीर्वाद देण्याइतका मोठा मी कधी तुलाही वाटलो नाही आणि मलाही नाही, तेव्हा ते राहू दे. लोकांच्या किनवटला दिलेल्या लेकींना, नागपूरला कामाला गेलेल्या पोरांना, सगळ्यांना मी लिहिलं. तुला लिहायची वेळ आली नाही, कारण तू माहेरी गेलीस तरी मुक्काम कधी लांबवला नाहीस. आणि आता गेलीस ती एकदम जगात शांती आणायला गेलीस.

तुमच्या केंद्रातल्या माणसाने मला फोनवर नियम सांगितले. फोन कपाटात, तोंड बंद, पत्रं आली तर ठेवून घेणार आणि मौन सुटलं की हातात देणार. म्हणजे हे तू वाचशील तेव्हा शिळं झालेलं असेल. एका अर्थी बरंच आहे, मला मध्येच कोणी तोडणार नाही.

बोथच्या स्टँडवर तुला हैदराबादच्या गाडीत बसवून दिलं तेव्हा वेचणीच्या बाया आणणारी आपली बयनाबाई तिथेच होती. गाडी हलल्यावर म्हणाली, "पोराचा फोन लागून नाही राह्यला आन् माय डोये मिटाले चालली?" मी म्हणालो, तिला विचार. खरं तर मीही तुला तेच म्हणालो होतो, आणि जरा जास्तच जोरात म्हणालो होतो. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला राग आला आणि तो कोणावर काढावा ते कळेना.

घरी येऊन टीव्ही लावला. तोच नकाशा, तेच लाल गोल, तीच बाई ओरडते आहे. आपला पोरगा ज्या बंदरावर क्रेन चालवतो त्या शहराचं नाव ती दर वेळी वेगळंच उच्चारते. तुझं म्हणणं होतं, बंद करा तो. मी म्हणालो, बंद केल्याने तिकडचं बंद होणार आहे का? तू म्हणालीस, चालू ठेवल्याने होणार आहे का? मी आवाज वाढवला, टीव्हीचा. मग तू आत गेलीस आणि पिशवी भरायला लागलीस.

ध्यानाच्या वर्गात प्रियदर्शनीबाईंनी दिलेला तो तेलुगू कागद अजून देव्हाऱ्याजवळ आहे. पुष्कळ माणसं एका वेळी शांत बसली की लढणारी माणसंही शांत होतात, असं त्यात आहे म्हणे. मला पटत नाही, देवका. आपल्या चावडीवर पोलीस आले की अख्खं गाव शांत बसतं, आणि जीप वळली की पुन्हा सुरू होतं. पण तुझा त्यावर खरंच विश्वास आहे, का आपल्या भारतचा फोन दिवाळीपासून लागत नाही म्हणून काहीतरी करायचं आहे, हे मी तुला विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.

फोन माझ्या खिशात आहे, भरलेला आहे. तू तुझी बस, मी माझा बसतो.

महिपत

९ नोव्हेंबर

देवका,

आज रविवार. बोथला प्रियदर्शनीबाईंच्या ध्यानाच्या वर्गाला जाऊन आलो. हसू नकोस. भांडायला गेलो होतो.

बाई निवृत्त झाल्या तरी शाळेतलीच सवय, मला मागच्या चटईवर बसवलं. बसणारे सगळे आपल्याच वयाचे, गुडघे धरून. त्यांचं झाल्यावर मी विचारलं, बाई, माणसं बसल्याने युद्ध थांबतं असं धरून चालू. मग जेव्हा थांबत नाही तेव्हा कोणाचं बसणं कमी पडलं? आणि थांबलं तर श्रेय बसलेल्यांचं, आणि नाही थांबलं तर? तिथे मेलेल्यांच्या आया काय कमी बसल्या होत्या? मला वाटलं त्या आता पुस्तकातलं काहीतरी सांगतील. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "महिपतराव, मला नाही माहीत. वर्षानुवर्षं बसते आहे, तरी नाही माहीत."

माणूस भांडायला जातो आणि समोरचा असं बोलतो, मग तो काय करणार? मी चहा पिऊन परत आलो.

बसलो मात्र होतो, तेही सांगतो. डोळे मिटल्यावर आधी रानडुकरं आली, मग विहिरीवरची मोटार आली, मग डावा गुडघा आला आणि बराच वेळ तोच राहिला. आणि मग भारत आला, लहान, शेंबडा, त्या निळ्या सदऱ्यातला. आठवतं का, तो झोपताना तुला काय काय विचारायचा? बोंड फुटतं तेव्हा त्याला दुखतं का? अंधार झाल्यावर वावर कुठे जातं? एकदा विचारलं होतं, मी जन्मायच्या आधी कुठे होतो. मी म्हणणार होतो, झोप गुमान. तू म्हणालीस, "इथंच व्हता. वावरात. आमाले दिसत नव्हता, एवढंच." त्याला ते लगेच पटलं आणि तो झोपला. मीच जागा राहिलो होतो.

आज मला ते बसल्या बसल्या ऐकू आलं, तुझ्याच आवाजात. बाईंनी घंटी वाजवली तेव्हा मी परत यायला तयार नव्हतो. याला तुम्ही ध्यान म्हणत असाल तर म्हणा, माझ्या मते मला डुलकी लागली होती.

भारतचा फोन नाही. मी मघाशी लिहिणार होतो की आला होता, सगळं ठीक आहे. तसं वाक्य मनात तयारही होतं. पण तू हे वाचशील तेव्हा खरं काय ते तुला कळलेलंच असेल, आणि मग मी खोटा ठरेन. म्हणून नाही लिहीत.

महिपत

१३ नोव्हेंबर

देवका,

कपाशी फुटली. यंदा पाऊस लांबला म्हणून उशिरा फुटली, पण फुटली ती एकदम. परवापर्यंत हिरवं दिसत होतं ते काल वावराच्या कडेला धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखालून पाहिलं तर पार नाल्यापर्यंत पांढरं. सकाळी धुकं असतं तेव्हा कापूस कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते समजत नाही. मी उभा राहिलो आणि माझे पायही मला दिसेनात. असं वाटलं की आता हाक मारली तर कोणीही ओ देईल, आपले गेलेले आईवडीलसुद्धा.

आता जे झालं ते सांगतो. तू चिडशील.

पूर्वेकडे आभाळ भरून आलं. टीव्हीवर त्या युद्धाखालच्या पट्टीत आपल्या जिल्ह्याचं नाव आलं, पाऊस येणार म्हणून. भिजलेला कापूस पिवळा पडतो, आदिलाबादच्या यार्डात व्यापारी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. बयनाबाईला म्हणालो, उद्या बाया घेऊन ये, वेचणी सुरू करू. ती म्हणाली, सितादही? मी म्हणालो, बघतो.

मग मी काय केलं, तर घरी भात टाकला, त्यात दही कालवलं, आणि सकाळी बाया यायच्या आत वावरात गेलो. नाल्यातून सात दगड आणले. तू धुतेस तसे धुतले, कुंकू लावलं, कपाशीची झाडं वरून एकत्र बांधली. तुझ्या हाताला जे सहज जमतं त्याला मला अर्धी सकाळ लागली. सितादही म्हणजे पहिला कापूस वेचायच्या आधी दहीभात शिंपायचा, म्हणजे वावर तसंच पांढरंशुभ्र भरून देतं, एवढंच मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी धुऱ्यावर उभं राहून तुझ्याकडे पाहिलं, पण तू काय काय करतेस ते पाहिलं, तूच का करतेस ते नाही.

मी हातात भात घेतला आणि मागून बयनाबाई आली.

"मालक, मालकीण जीती हाय ना?"

मी म्हणालो, "हाय."

"मंग हे काऊन करून राह्यले तुमी? घरची बाई गेल्यावर माणूस शिंपते दही. तुमी त जीत्या बाईले पोचवून राह्यले."

देवका, माझ्या हातातला भात तिथेच राहिला. मला आठवलं, आबांनी एकाच वर्षी सितादही मांडली होती, आई गेली त्या वर्षी. मी तेव्हा लहान होतो. मला वाटायचं, आबांनी हौसेने मांडली. कोणाला विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही.

बयनाबाईने सातही दगड पदरात घेतले आणि नाल्यात नेऊन ठेवले, जिथले होते तिथेच. झाडांची गाठ सोडली. दहीभात मात्र नासायला नको म्हणून बायांनी मिळून खाल्ला आणि मीठ कमी आहे असंही सांगितलं. मी म्हणालो, बाई, कापूस झडेल, मग काय करू? ती म्हणाली, मालकिणीच्या हातचे तांदूळ आणा, तिच्या नावाने मी शिंपते. मी म्हणालो, घरातले तांदूळ तिनेच भरून ठेवलेत. तर म्हणाली, ती गेल्यावर तुम्ही रोज त्यातले काढून शिजवताय, ते आता तुमच्या हातचे झाले. 

बाया परत गेल्या. पाऊस आला नाही, आभाळ मात्र तसंच आहे. कापूस झाडावर लोंबतो आहे आणि मी त्याच्याकडे बघत बसलो आहे. गावात बोलणं सुरू झालं असेल. मला त्याचं काही वाटत नाही. मला एकाच गोष्टीचं वाटतं आहे, की मी तुझ्या नावाने भात हातात घेतला होता.

तू बरी आहेस ना?

महिपत

१६ नोव्हेंबर

देवका,

भारतचा फोन आला.

तो जिवंत आहे, धडधाकट आहे, दुसऱ्या देशात आहे. हे आधी लिहितो, बाकीचं मग. अक्षर घाईचं आहे, समजून घे.

सकाळी धुऱ्यावर बसलो होतो. हल्ली मी तिथेच बसतो. टीव्ही लावायचा विसरतो, म्हणजे विसरतो असं म्हणतो. धुकं दाट होतं. हायवेवरचे ट्रक लांबून ऐकू येत होते आणि मग तेही ऐकू येईनासे झाले. मी डोळे मिटले नव्हते, शपथेवर सांगतो, पण मिटल्यासारखंच झालं होतं. मला कापसातून कोणीतरी चालत येताना दिसत होतं. पाय दिसत नव्हते, नुसती चाल दिसत होती, आणि मला अजिबात घाई नव्हती की ते कोण आहे ते कळावं. मला भीतीही वाटत नव्हती. दिवाळीनंतर पहिल्यांदाच मला भीती वाटत नव्हती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तेव्हा खिशात फोन वाजला.

"बाबा, मी हाय."

माझ्या तोंडून काय निघालं असेल? जेवला का, असं विचारलं मी. तो रडायला लागला. मग म्हणाला, आई कुठं हाय? मी म्हणालो, "आई बसली हाय." त्याला कळेना. मी म्हणालो, "तुयासाठी बसली हाय, तिकडं, हैदराबादच्या पलीकडं." तो म्हणाला, तिला सांगा मी निघालो तिथून.

कसा निघाला तेही सांगितलं. परवा सकाळी दोन्हीकडच्यांनी थोडा वेळ गोळीबार थांबवला. तेवढ्यात बसगाड्या भरभरून माणसं सरहद्दीपलीकडे काढली, त्यात हा. तू म्हणशील, आम्ही त्या वेळी बसलो होतो. तुम्ही सकाळी सगळे एकत्र बसता हे मला माहीत आहे. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, दोन्हीकडच्यांना आपापली मेलेली माणसं उचलायची होती. दोन्ही खरं असेल का? मी सकाळपासून हेच घोळवतो आहे. मला पहिल्यासारखं ठामपणे नाही म्हणता येत, आणि हो तर त्याहून म्हणता येत नाही.

मग मी केंद्राला फोन लावला. तुला सांगायला नको का? तो माणूस हिंदीत म्हणाला, शिबिरात निरोप देत नाही. मी म्हणालो, फार मोठा निरोप आहे. तो म्हणाला, "कोई गुजर गया क्या? गुजर गया हो तो बता देंगे."

मी म्हणालो, "नहीं जी, बच गया है."

तो म्हणाला, "तो फिर बाद में."

फोन कानालाच होता. एक शब्द म्हणालो असतो, कोणीही, एखादा चुलता, माझी मावशी, तर त्यांनी तुला उठवून फोनवर आणलं असतं आणि तू भारतचं ऐकलं असतंस. जिभेवर आलं होतं. पण तीन दिवसांपूर्वीच मी एका जित्या माणसाच्या नावाने भात हातात घेतला होता, आता दुसऱ्यांदा नाही. मी म्हणालो, ठीक आहे, बाद में.

म्हणजे आता भारत सुटला हे सगळ्या गावाला माहीत आहे, बयनाबाईच्या शेळीलाही माहीत असेल, फक्त तुला नाही. तू अजून त्याच्यासाठी बसली आहेस. मला फार वाईट वाटतं आहे, देवका, आणि तुझ्याशिवाय हे कोणाला सांगून काही उपयोग नाही.

मौन सुटल्यावर पहिल्या गाडीने ये. आता तिथे काही काम उरलेलं नाही.

महिपत

१७ नोव्हेंबर

देवका,

कालच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. रात्रभर ती माझ्या उशाशी बसून होती.

भारतच्या खोलीत पंजाबचा एक पोरगा राहायचा. दोघं एकाच पाळीला, एकाच ताटात जेवायचे. त्याच्याकडेही कापूस पिकतो, त्याला ते नरमा म्हणतात, आणि आपल्या भारतशी त्याचा रोज वाद, तुमचा चांगला की आमचा. बसगाड्या आल्या तेव्हा तो गोदामाकडे गेला होता, कागद आणायला. भारत म्हणाला, बाबा, मी गाडी थांबवायला सांगितली, नाही थांबली. पुढचं त्याला माहीत नाही. त्या पोराचा फोन लागत नाही.

भारतने हे सांगितलं आणि मला म्हणाला, आईला नका सांगू. मी म्हणालो नाही सांगत. म्हणून काल लिहिलं नाही. पण तुला अर्धंच सांगून बोलावून घेणं मला बरं वाटेना.

मी त्या पोराचं नाव विचारलं नाही. मुद्दामच नाही विचारलं. नाव कळलं की तो घरात येऊन बसेल. मला माझा पोरगा मिळाला आहे, मला तो सुखाने मिळू दे, असं मला वाटलं. हे वाटणं चांगलं नाही हे मलाही कळतं.

आणि बघ, प्रियदर्शनीबाईंना मी जे भांडून विचारलं होतं ते आता माझ्याच गळ्यात आलं. तुझ्या बसण्याने भारत वाचला असं मी मानलं, तर त्या पोराचं काय? त्याची आई त्या वेळी कापूस वेचत असेल, तिला कोणी कागद दिला नसेल. तेवढ्यासाठी तो मागे राहिला? असा हिशेब करणारा कोणी वर बसला असेल तर मला त्याच्याशी बोलायचं नाही. आणि कोणीच बसला नसेल, तर मग काल धुऱ्यावर मला भीती का वाटत नव्हती?

तू ये. मला एकट्याला हे झेपत नाही. टीव्ही मी कालच बंद केला, तारही काढून ठेवली आहे.

महिपत

२१ नोव्हेंबर

भारतच्या बाबांना,

देवकाचा नमस्कार. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. शाळा सुटल्यापासून सहीशिवाय काही लिहिलं नाही, हसू नका.

काल मौन सुटलं आणि त्यांनी सगळी पत्रं एकदम हातात दिली. मी तारीख पाहिली नाही, वरचं पहिलं उघडलं, ते शेवटचं होतं. म्हणजे आधी मला तो पंजाबचा पोरगा कळला आणि मग भारत सुटलेला कळला. तुमचा सगळा लपवालपवीचा बेत वाया गेला. मी खूप रडले. आधी कोणासाठी रडले ते मला सांगता येणार नाही.

बसण्याचं विचारता ते सांगते. पहिले काही दिवस मी बसलेच नाही. शरीर बसलं होतं आणि मी मनात तुमच्याशी भांडत होते. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवला त्यावर मी अशी अशी उत्तरं दिली की तुम्ही ऐकली असती तर गावच सोडलं असतं. पुढे एके दिवशी तुम्हीच थकलात, मनातले तुम्ही, आणि म्हणालात, जाऊ दे देवका, चहा टाक. मग मला बसता यायला लागलं.

युद्ध थांबतं का ते मला माहीत नाही. इथल्या मोठ्या ताईंनाही माहीत नसावं, त्या बोलतात फार गोड, पण विचारलं की वर बघतात. मी काय जगासाठी गेले नव्हते. जग मला काय माहीत? घरात फोन वाजत नव्हता, ते मला ऐकवत नव्हतं म्हणून गेले. तुम्ही खिशात फोन ठेवून बसू शकता, मला नाही जमत.

तुम्ही भात हातात घेतला त्याचं मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला माहीत नव्हतं. बयनाबाईला माझा राम राम सांगा, तिने बरोबर केलं. आणि केंद्राला खोटं बोलला नाहीत तेही बरोबर केलं. मला त्या दिवशी फोनवर बोलावलं असतं तर चपला घालेपर्यंत माझा जीव गेला असता.

इथे स्वयंपाकघरात सेवा असते, माझ्याकडे तांदूळ निवडायचं काम आहे. त्यातले मूठभर मागून घेतले, पाकिटात पुडी करून घातले आहेत. निवडलेले आहेत, खडा नाही. माझ्या हातचे आहेत असं बयनाबाईला सांगा. दही घरचंच घ्या. शिजवताना पाणी बेताचं टाका, तुमचा गोळा होतो, आणि मीठ घाला. कापूस वेचायला लागा.

मी आता येत नाही. रागावू नका. उद्यापासून इथे पुन्हा एकत्र बसणं आहे, त्यात मी माझं नाव दिलं आहे. भारतसाठी बसले ते झालं. त्या पोराची आई कापूस वेचत असेल, तिला बसायला वेळ नसेल, तर तिच्या वाटचं मी बसते. उपयोग होईल असं मी म्हणत नाही. पण मी तिथे नसेन तर तिच्या बाजूने कोणीच नसेल. ते झालं की येते. येणार आहे, मनात दुसरं काही आणू नका.

मला त्याचं नाव पाहिजे. नुसतं पोरगा पोरगा म्हणून मन ठरत नाही, पुन्हा भारतवरच जातं. तुम्हाला नाव नको होतं ते मला समजतं. पण मला पाहिजे. भारतला विचारा आणि कळवा. या वेळी पत्रं लगेच देणार आहेत, मी सांगून ठेवलं आहे.

देवका

२५ नोव्हेंबर

देवका,

पाकीट फाडलं तेव्हा पुडी सुटली आणि तांदूळ ओसरीवर सांडले. एक एक दाणा वेचला. पोस्टमन थांबून बघत होता, त्यालाही खाली बसवलं. तो तेलुगू माणूस, त्याला काय चाललं आहे ते कळलं नाही, पण त्याने तुळशीपाशी गेलेलेही शोधून दिले.

आज सकाळी सितादही झाली. दगड बयनाबाईनेच नाल्यातून आणले, ते तेच सात, मी ओळखले. भात मऊ झाला, गोळा नाही झाला. तिने तुझं नाव घेऊन शिंपलं. मी धुऱ्यावर उभा होतो, माझ्या जागेवर. मग बायांनी कापसासाठी कमरेला ओट्या बांधल्या आणि धुक्यात शिरल्या. थोडा कापूस झडला आहे, खालचा पिवळाही पडला आहे, पण वरचा चांगला आहे. तिथून त्यांचं बोलणं येत होतं, माणसं दिसत नव्हती.

काल भारतशी बोललो. तो पुढच्या महिन्यात येतो आहे, विमानाचं नक्की झालं की कळवेल. मी त्याला म्हणालो, तुझ्या खोलीतल्या त्या पोराचं नाव काय?  त्याने विचारलं, "काऊन बाबा?" मी म्हणालो, तुझ्या आईला पाहिजे. त्याने सांगितलं, आणि मग आपणहून बोलतच राहिला, तो कसा हसायचा, पोळीला काय म्हणायचा, झोपेत कसा बडबडायचा. फोन ठेवला तेव्हा तो पोरगा आपल्या घरात येऊन बसला होता. मी भीत होतो तसंच झालं. पण आता आहे तर असू दे, जागा आहे.

जगाचं काय होईल ते मला अजून माहीत नाही. टीव्हीची तार काढलेलीच आहे.

त्याचं नाव हर्षदीप. त्याच्या आईचं नाव भारतला माहीत नाही. तिला तू नुसतं बाई म्हण. ती कापूस वेचणारी आहे, ओ देईल.

तुमची सकाळची बसायची वेळ झाली. मी इथे मोहाखाली बसलो आहे, गुडघा बरा आहे. आता डोळे मिटायचे आहेत म्हणून लिहिणं थांबवतो.

महिपत